आईचं घर, आईची सही: कॅलिफोर्नियात टीओडी डीड करताना

बाबा गेल्यावर फ्रीमॉन्टचं घर आईच्या एकटीच्या नावावर आलं, असं आम्ही तीन वर्षं धरून चाललो होतो. घर १९८६ सालचं. मी आईपासून वीस मिनिटांवर राहतो, धाकटा भाऊ सिएटलला. त्या वर्षी गणपतीला मोदक वळता वळता आईनेच विषय काढला. "माझ्यामागे या घराचं काय ते मी शुद्धीत असताना करून टाका. मला कोर्टबिर्ट नको."

पुढचे पाच महिने आम्ही जे केलं, त्यातले निदान दोन आपल्याच चुकांनी वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी हा कागद म्हणजे काय ते. 'ट्रान्स्फर ऑन डेथ डीड', सगळे टीओडी डीड म्हणतात. घराचा मालक जिवंतपणीच लिहून, नोंदवून ठेवतो की माझ्या मृत्यूनंतर हे घर अमक्याला मिळावं. तोवर घर पूर्णपणे त्याचंच. विकावं, गहाण ठेवावं, विचार बदलला तर कागद रद्द करावा, लाभार्थ्याला विचारायचीही गरज नाही. आपल्याकडच्या 'नॉमिनी'शी याची गल्लत करू नका. सोसायटीच्या फ्लॅटचा नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. टीओडीतला लाभार्थी मात्र खरोखर मालक होतो. आणि हो, पुण्याच्या फ्लॅटला या कागदाचा काही उपयोग नाही, त्यासाठी तिकडचं मृत्युपत्र वेगळं करा.

हा खटाटोप कशासाठी, तर प्रोबेट टाळण्यासाठी, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्ता वारसांकडे जायची कोर्टातली प्रक्रिया. कॅलिफोर्नियात प्रोबेटच्या वकिलाची फी कायद्यातच ठरवलेली आहे: पहिल्या एक लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या लाखावर ३, त्यापुढच्या आठ लाखांवर २, मग १ टक्का. तीही घराच्या पूर्ण किमतीवर, कर्ज वजा न करता. १५ लाखांच्या घराला हे २८,००० डॉलर होतात आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाही तेवढेच मागता येतात. १ एप्रिल २०२५ पासून ७,५०,००० डॉलरपर्यंतच्या राहत्या घराला कोर्टाची सोपी वाट आहे, पण फ्रीमॉन्टच्या आसपासच्या बे एरियात त्या किमतीत घर कुठलं आलंय.

१. हा कागद तुमच्या घराला बसतो का ते बघा

मी लिहितोय ते कॅलिफोर्नियाबद्दल. ही सोय अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत आहे, पण नियम जागोजागी वेगळे. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१५ पासून आहे, तिथे साक्षीदार लागत नाहीत, पण कागद मृत्यूच्या आधी नोंदवलेला असलाच पाहिजे. न्यूयॉर्कने तर जुलै २०२४ मध्ये सुरू केली. डॅलसच्या मावसभावाने पाठवलेला फॉर्म फ्रीमॉन्टला चालत नाही. हसू नका, आम्ही तोच भरायला घेतला होता.

कॅलिफोर्नियात कायदा २०१६ पासून लागू झाला. १ जानेवारी २०२२ पासून त्यात मोठे बदल झाले. दोन साक्षीदार तेव्हापासून आले, त्यामुळे जुना फॉर्म हाताला लागला तर फेकून द्या. सध्याची मुदत १ जानेवारी २०३२ पर्यंत आहे, आणि त्याआधी केलेले कागद नंतरही वैध राहतात.

घर कुठलं चालतं? एक ते चार राहत्या युनिटांचं घर, कॉन्डो, किंवा ४० एकरांपर्यंतची शेतजमीन ज्यावर एक राहतं घर आहे. दुकानाचा गाळा किंवा मोकळा प्लॉट चालत नाही. घर आधीच फॅमिली ट्रस्टच्या, म्हणजे कुटुंबासाठी मालमत्ता सांभाळायला केलेल्या कायदेशीर व्यवस्थेच्या, नावावर असेल तरीही हा कागद निरुपयोगी. आपल्या कितीतरी लोकांनी वीस वर्षांपूर्वी ट्रस्ट केलेला असतो आणि तो विसरलेलेही असतात. आईबाबांना नुसतं विचारू नका, कागद काढून बघा.

२. टायटलवर (मालकीच्या नोंदीत) नेमकं काय लिहिलंय ते वाचा

आमची पहिली ठेच इथे लागली. काउंटी रेकॉर्डरकडून, म्हणजे तिथल्या मिळकत-नोंदणी कार्यालयातून, सध्याच्या डीडची (मालकीच्या कागदाची) प्रत काढली तर बाबांचं नाव तसंच. दोघांच्या नावापुढे 'जॉइंट टेनंट्स' लिहिलेलं. म्हणजे बाबांचा हिस्सा कायद्याने आपोआप आईकडे आला होता, पण नोंदीत ते कुणी आणलंच नव्हतं. मग आधी बाबांच्या मृत्यूचं प्रतिज्ञापत्र, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत, असं नोंदवून घेतलं. टीओडी त्यानंतर.

आई आणि बाबा दोघंही हयात असतील तर? प्रत्येकाचा स्वतंत्र कागद करायचा. एका कागदावर दोघांच्या सह्या नाहीत, कारण हा कागद फक्त सही करणाऱ्याचा हिस्सा देतो. घर जॉइंट टेनन्सीत असेल तर आधी जाणाऱ्याचा कागद निष्फळ ठरतो, घर मागे राहिलेल्याला जातं, आणि शेवटी त्या दुसऱ्याचाच कागद उपयोगी पडतो. पुढचा-मागचा कोण हे आधी कुणाला ठाऊक, म्हणून दोन्ही करा.

३. नावं जुळवा

मराठी घरांत घोळ होतो तो इथे. फॉर्म सांगतो की सहीचं नाव टायटलवरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आईचं १९८६ च्या डीडवर नाव, मधे बाबांचं नाव, मग आडनाव. ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव गायब. पहिला नोटरी म्हणाला, ओळखपत्रावर नाव कागदापेक्षा जास्त असेल तर चालवून घेतो, कमी असेल तर नाही. त्याचं बरोबरच होतं. आईच्या पासपोर्टवर पूर्ण नाव होतं, पण तो बँकेच्या लॉकरमध्ये आणि दिवस शनिवार संध्याकाळ.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलेल्या आपल्या आयांचं तर विचारूच नका. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर तेच, पासपोर्टवर दुसरं, आणि टायटलवर बाबांनी घाईत घातलेलं तिसरंच स्पेलिंग. टायटलवरचं नाव आणि चालू ओळखपत्र यांत पहिलं नावच वेगळं असेल, तर फॉर्मला हात लावण्याआधी वकिलाकडे जा.

ग्रीन कार्डावर विसंबू नका. कॅलिफोर्नियाच्या नोटरीला मान्य असलेल्या ओळखपत्रांच्या यादीत ते नाही. राज्याचं लायसन्स किंवा आयडी, अमेरिकन पासपोर्ट, परदेशी पासपोर्ट चालतो.

४. घर कुणाला, हे आईला ठरवू द्या

फॉर्ममधला हा रकाना सगळ्यात लहान आहे आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला.

लाभार्थ्यांची पूर्ण नावं आणि प्रत्येकाचं नातं लिहायचं. 'माझी मुलं' असं मोघम चालत नाही. एकापेक्षा जास्त नावं असतील तर सगळ्यांना समान वाटा. थोरल्याला ६०, धाकट्याला ४० असं करता येत नाही. 'हा नसेल तर तो' असंही लिहिता येत नाही. फॉर्ममध्ये विचारलंय त्याहून एक शब्द जास्त लिहायचा नाही. "देवघर थोरलीकडे राहावं" वगैरे समासात तर नाहीच नाही.

मी आणि भाऊ, अर्धं-अर्धं, मला वाटलं संपलं. आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आणि तुमच्यापैकी कुणाला माझ्याआधी काही झालं तर? त्याच्या पोरांचं काय?"

उत्तर असं की पोरांना काही नाही. लाभार्थी मालकाच्या आधी गेला तर त्याचा वाटा उरलेल्या लाभार्थ्यांकडे जातो, त्याच्या मुलांकडे नाही. भावाला तेव्हा दोन वर्षांची जुळी होती. आम्ही महिनाभर थांबलो. वकिलाशी तासभर बोललो. तिने स्वच्छ सांगितलं की नातवंडांची सोय, असमान वाटे, अल्पवयीन वारस, कर्जात असलेला मुलगा, यांपैकी काहीही असेल तर लिव्हिंग ट्रस्ट (जिवंतपणीच केलेला ट्रस्ट) करा, काही हजार डॉलर जातील पण तो त्यासाठीच असतो. आईने विचार करून टीओडीच ठेवायचं ठरवलं, काही घडलं तर नवा कागद करू म्हणाली. तुमच्या घरी हा निर्णय उलटा होऊ शकतो. पण हा प्रश्न सहीच्या आधी यायला हवा.

आणखी एक. "मग आत्ताच मुलांच्या नावावर करून टाकते" असं आई म्हणाली तर हात जोडून थांबवा. आज बक्षीस दिलं तर करासाठी आईची जी खरेदी किंमत धरतात तीच तुमची धरली जाते आणि विकताना सगळ्या वाढीवर कर बसतो. मृत्यूनंतर मिळालं तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरतात. शिवाय आज तुमच्या नावावर आलेलं घर तुमच्या घटस्फोटात आणि तुमच्या देणेकऱ्यांच्या तावडीतही येतं.

आईवडील भारतात राहतात, ग्रीन कार्ड नाही, पण घर अमेरिकेत त्यांच्या नावावर आहे, अशांसाठी इशारा: अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला अमेरिकेच्या इस्टेट टॅक्समधून (मागे ठेवलेल्या संपत्तीवरच्या करातून) सूट फक्त ६०,००० डॉलरची आहे. टीओडीने प्रोबेट टळतं, तो कर टळत नाही.

५. फॉर्म भरा

कायद्याने ठरवून दिलेला फॉर्म आहे, तोच वापरा. सॅक्रामेंटो काउंटीच्या सार्वजनिक कायदा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर भरण्याच्या सूचनांसकट मिळतो. जवळ ठेवायच्या गोष्टी:

- सध्याच्या डीडची प्रत
- असेसरचा (प्रॉपर्टी टॅक्ससाठी किंमत ठरवणारा काउंटीचा अधिकारी) पार्सल नंबर, तो प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर असतो
- लाभार्थ्यांची पासपोर्टप्रमाणे पूर्ण नावं
- आईचं चालू ओळखपत्र, नाव जुळणारं
- आधी गेलेल्या सहमालकाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत

मिळकतीचं वर्णन म्हणजे पत्ता नव्हे. 'लॉट अमुक, ट्रॅक्ट तमुक, नकाशांच्या पुस्तकाचं पान' असं जे डीडवर लिहिलेलं असतं ते अक्षरशः उतरवा. स्वल्पविरामासकट. टॅक्सच्या बिलावरचं त्रोटक वर्णन घेऊ नका. लांबलचक असेल तर वेगळ्या पानावर परिशिष्ट म्हणून जोडतात. मी टाईप केलं आणि भावाला फोनवर मूळ डीड वाचायला लावलं, मी कागदावर बोट फिरवत गेलो. एका आकड्यात चूक सापडली.

फॉर्मच्या मागे प्रश्नोत्तरांची पानं आहेत. ती आईला वाचून दाखवा, आपल्या भाषेत. मग तीही कागदासोबतच ठेवा, सगळा संच एकत्र नोंदवायचा आहे.

६. सही: दोन साक्षीदार आणि एक नोटरी, एकाच बैठकीत

दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत. आईला सही करताना, किंवा 'ही माझीच सही' असं सांगताना, त्यांनी बघायला हवं. मग त्यांच्या सह्या. लाभार्थी साक्षीदार नको. तसं केलं तर दबाव आणून सही घेतली असं कायदा गृहीत धरतो आणि उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. सुनेला, जावयालाही नको. आम्ही शेजारच्या फिलिपिनो जोडप्याला बोलावलं, चहा आणि चिवड्यावर.

नोटरी घरी बोलावला. कॅलिफोर्नियात नोटरीला एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात, येण्याजाण्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवा. नोटरीला सही करणाऱ्याशी थेट बोलता यायला हवं, मधे मुलाने दुभाषी होऊन चालत नाही. आईचं इंग्रजी कामापुरतं आहे. तुमच्याकडे नसेल तर मराठी किंवा हिंदी बोलणारा नोटरी शोधा, फ्रीमॉन्ट-सनीवेलला मिळतो.

मी त्या वेळी खोलीत नव्हतो. वकिलाचा सल्ला होता आणि तो शंभर टक्के योग्य आहे. कागद आईचा, घर आईचं. कधी कुणी आक्षेप घेतला तर साक्षीदारांना सांगता आलं पाहिजे की बाई एकटी होती, तिला सगळं कळत होतं. त्याच कारणाने विस्मरण सुरू होण्याच्या आत हे करा, आणि मुखत्यारपत्रावर आपण सही मारू असा विचार तर मनातही आणू नका.

घराचा कागद असल्यामुळे नोटरीच्या वहीत अंगठाही घेतात. साताऱ्याच्या शाळेत बारा वर्षं गणित शिकवलेली आमची आई. स्वयंपाकघरातून मला ऐकू आलं, शेजारणीला ती तिच्या इंग्रजीत समजावून सांगत होती आणि मग मराठीत स्वतःशीच, "एवढं शिकून शेवटी अंगठेबहाद्दरच."

७. ६० दिवसांत नोंदवा

नोटरी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत कागद काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवला गेला पाहिजे. ६१ व्या दिवशी तो रद्दी. कपाटात जपून ठेवलेला, सही-शिक्क्याचा टीओडी डीड हा या सगळ्यातला सर्वांत दुःखद कागद आहे.

घर ज्या काउंटीत आहे तिथलाच रेकॉर्डर, तुम्ही राहता तिथला नाही. मी टपालाने पाठवला आणि निर्धास्त झालो. अडतिसाव्या दिवशी पाकीट परत. नोटरीचा शिक्का पुसट, प्रत नीट निघत नाही. शिक्क्यावर शिक्का मारून भागत नाही, म्हणून आम्ही सगळं नव्याने केलं. नवा फॉर्म, तेच शेजारी, दुसरा चिवडा. या वेळी सुट्टी काढून स्वतः गेलो, खिडकीवर उभा राहून बाईंना पानं उलटताना बघितलं आणि नोंदणी क्रमांक पडल्यावरच गाडीत बसलो. शुल्क काउंटीनुसार बदलतं, आदल्या दिवशी फोन करून विचारा. पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा त्यांच्या शिक्क्यासाठी मोकळा ठेवा.

नोंदणीने प्रॉपर्टी टॅक्स वाढत नाही. मालकी बदललेलीच नाही अजून.

८. मन बदललं तर

तीन वाटा: रद्द करण्याचा फॉर्म नोटरी करून रेकॉर्डरकडे नोंदवा, किंवा सगळे सोपस्कार करून नवा टीओडी नोंदवा, किंवा घर विकून वा ट्रस्टला देऊन ते डीड नोंदवा. मृत्युपत्रात लिहून हा कागद रद्द होत नाही. भारतात मृत्युपत्राचा शब्द शेवटचा मानायची सवय असलेल्यांनी हे दोनदा वाचा.

९. नंतर मुलांनी काय करायचं

हे मी एका पानावर लिहून डीडच्या प्रतीला टाचून ठेवलंय, कारण त्या दिवसांत डोकं चालत नाही.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती जास्तच मागवा. प्रतिज्ञापत्र आणि दाखला रेकॉर्डरकडे नोंदवायचा, सोबत मालकीबदलाचा फॉर्म. असेसरला १५० दिवसांत कळवायचं. बाकीच्या कायदेशीर वारसांना डीडची आणि दाखल्याची प्रत जोडून नोटीस पाठवायची, ती २०२२ पासून सक्तीची आहे. आईने किंवा आधी गेलेल्या बाबांनी मेडी-कॅल (कॅलिफोर्नियाची कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) घेतलं असेल तर राज्याच्या आरोग्य खात्याला ९० दिवसांत कळवायचं. १ जानेवारी २०१७ पासूनच्या मृत्यूंत त्यांची खर्चाची वसुली फक्त प्रोबेटमधल्या मालमत्तेतून होते, तरी कळवायचं म्हणजे कळवायचं. घरावरचं कर्ज घरासोबतच येतं.

आणि प्रपोझिशन १९, वारशाच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा कॅलिफोर्नियाचा नियम. १६ फेब्रुवारी २०२१ पासून आईचा जुना, स्वस्त प्रॉपर्टी टॅक्स मुलाला टिकवायचा असेल तर वर्षभरात त्याने त्या घरात स्वतः राहायला जायला हवं. त्यालाही मर्यादा आहे, जुनी करपात्र किंमत अधिक साधारण दहा लाख डॉलर, आणि हा आकडा दर दोन वर्षांनी वाढवतात. राहायला न जाता भाड्याने दिलं तर त्या वेळच्या बाजारभावाने कर.

आम्ही दोघंही तिथे राहायला जाणार नाही. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पुढचा हिशेब लगेच केला. म्हणाली, "म्हणजे विकणार. मग मागची कढीपत्त्याची कुंडी आधी उचलून तुझ्याकडे ने, विकत घेणाऱ्याला काय कळणारे." कुंडी गेल्या महिन्यापासून माझ्या अंगणात आहे. आई दर रविवारी येऊन पानं तोडून घेऊन जाते.